‘होईल सवय’ म्हणणाऱ्यांना

पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडन करू नये, ही आपल्याकडची जुनी शिस्त. म्हणून ज्या मताशी मला भांडायचं आहे ते आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडते.

मत असं आहे. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला मरणाऱ्या रुग्णापाशी उभं राहणं जड जातं हे खरं, पण त्यावर काळाशिवाय दुसरा इलाज नाही. पहिल्या मरणाला ती रडते, दुसऱ्याला जेवत नाही, पाचव्या-सहाव्याला नोट्स पूर्ण करून चहाला जाते. होते सवय. वॉर्डात चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असतील तर एकाच्या उशाशी बसून चालत नाही. जो जाणारच आहे त्याच्याआधी जो वाचू शकतो त्याच्याकडे हात गेले पाहिजेत. मन हललं की हात हलतो, आणि हलत्या हाताला शीर सापडत नाही. आधीच्या पिढ्या अशाच तयार झाल्या, त्यांना कुणी मांडीवर घेऊन समजावलं नव्हतं. आमच्या नंदुरबारकडे याला एक पुरवणीही जोडतात: इथल्या मुली पाड्यांवरून, शेतमजुरांच्या घरांतून येतात, मरण त्यांनी लहानपणापासून घरात पाहिलेलं असतं, शहरातल्या मुलींसारख्या त्या कोसळत नाहीत.

हे मत निर्दय माणसांचं नाही. ज्यांनी तीस-तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, शेकडो जीव वाचवले, अशा सिस्टरांचं आहे. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि ट्यूटर झाल्यावर पहिली काही वर्षं माझ्या विद्यार्थिनींना मीही हेच सांगितलं. आज मला ते चूक वाटतं, आणि अर्धवट चूक नव्हे, मुळातच चूक वाटतं. माझं मत कशामुळे बदललं ते सांगते.

माझं माहेर नंदुरबार तालुक्यातलं धानोरा. गुजरातची हद्द जवळ, त्यामुळे आजारी माणूस कुणी नंदुरबारला नेतं, कुणी धुळ्याला, कुणी सुरतेला. माझ्या चुलत्यांना, म्हणजे नानांना, तोंडाचा कर्करोग होता. तिन्हीकडे फिरून झाल्यावर डॉक्टरांनी जे वाक्य सांगितलं ते महाराष्ट्रातल्या लाखो घरांनी ऐकलेलं आहे: “आता घरी न्या, सेवा करा.” सेवा म्हणजे काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतरचे दिवस होते, मी माहेरी होते. शेवटच्या रात्री नानांना ऊर्ध्व लागला, घशात घरघर सुरू झाली. काकीने गल्लीतल्या एका मुलीला बोलावणं पाठवलं. ती जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होती, सुट्टीला आलेली. तिची आई हंगामात नंदुरबारच्या पथारीवर मिरचीची देठं खुडायला जायची, आणि त्या कमाईतून पोरगी शिकत होती. ओसरीवर एकदम कुजबुज झाली, “सिस्टर उनी, सिस्टर उनी.” काकी तिचा हात धरून म्हणाली, “सलाईन लाई दे वं माय.”

मुलीने बीपी घेतलं. लागलं नाही. पुन्हा घेतलं. मग यंत्र गुंडाळून ती उभी राहिली. सगळं घर तिच्याकडे पाहत होतं. एरवी मला फुई, म्हणजे आत्या, म्हणणारी ती पोर माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, इथे सक्शन मशीन नाही.” आणि मग अगदी हळू, “आम्हाला हे शिकवलं नाही. आम्हाला मेल्यावरचं शिकवलंय.”

आम्ही दोघींनी नानांना कुशीवर वळवलं, पाठीशी गोधडीची घडी लावली. त्यासरशी घरघर निम्मी झाली. मऊ सुती कापडाचा बोळा ओला करून तिने ओठांवरून, हिरड्यांवरून फिरवला, फुटलेल्या ओठांना तूप लावलं. खिडकी उघडली, पंखा तोंडाच्या दिशेने धरला. काकीला मी सांगितलं की सलाईनचं पाणी आता अंगात मुरणार नाही, उलट घरघर वाढवेल. त्यापेक्षा त्यांच्या कानाशी बसून बोला, त्यांना ऐकू येतंय असं धरूनच बोला. काकी बोलत राहिली. शेताचं, बैलांचं, नातवाचं. पहाटे भाऊबंदांनी “खाली घ्या” म्हटलं तेव्हा त्या मुलीनेच नानांचं डोकं सांभाळून त्यांना जमिनीवरच्या घोंगडीवर घेतलं. तिचे डोळे वाहत होते. हात मात्र जराही हलत नव्हता.

‘मन हललं की हात हलतो’ या वाक्यावरचा माझा विश्वास त्या पहाटे संपला. रात्री आली तेव्हा ती कोरडी होती आणि तिला काही सुचत नव्हतं. पहाटे ती रडत होती आणि सगळं नीट करत होती. मधल्या वेळात तिला सवय झाली नव्हती. तिला काय करायचं ते कळलं होतं.

मराठीत सवय आणि सराव हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांतल्या अंतरात आहे. सवय लागते, सराव करावा लागतो. सवयीला गुरू लागत नाही, सरावाला लागतो. सवय चुकीचीही लागते, आणि एकदा लागली की चूक दिसेनाशी होते. नर्सिंगच्या शिक्षणात आपण दुसरं काय सवयीवर सोडतो? इंजेक्शन सोडतो का? आधी ट्यूटर करून दाखवते, मग विद्यार्थिनी पुतळ्यावर करते, मग ट्यूटरसमोर रुग्णाला देते, मग प्रोसीजर बुकात सही होते. राइल्स ट्यूब, कॅथेटर, ड्रेसिंग, प्रसूती, सगळ्याला हीच पायरी. मरणाऱ्या माणसाची शुश्रूषा हे एकच काम असं आहे की तिथे आपण एकोणीस वर्षांच्या मुलीला पडद्यामागे ढकलतो आणि ‘होईल सवय’ म्हणतो. सुईच्या बाबतीत कुणी असं म्हटलं तर आपण त्याला बेजबाबदार म्हणू.

“मेल्यावरचं शिकवलंय” हे त्या पोरीचं वाक्य अक्षरशः खरं होतं. मृत्यूनंतरची देहाची काळजी अभ्यासात असते, त्याचं साहित्य ट्रेमध्ये कोणत्या क्रमाने मांडायचं तेही असतं. मला माझ्या पहिल्या मरणाची रात्र आठवते. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, “सातची बॉडी पॅक कर.” दोन तासांपूर्वी त्याच बाईने मला वेणी घालून दे म्हटलं होतं. मी सलाईनची सुई काढली, चिकटपट्टीची खूण स्पिरिटने पुसली, डोळे मिटवले, हनुवटीखालून पट्टी बांधली, हातपाय सरळ केले, मंगळसूत्र आणि दोन बांगड्या नातेवाइकांसमोर मोजून वहीत लिहिल्या आणि सही घेतली. सगळं बिनचूक केलं. त्याआधीच्या दोन तासांत, ती बाई जिवंत असताना, मी तिच्या खाटेपाशी सहा वेळा नुसती जाऊन आले होते, कारण तिथे थांबून काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. वेणीही घातली नाही. वॉर्डात कुणी म्हटलं असतं, मरणाऱ्याची वेणी काय घालत बसलीस, म्हणून.

जीन क्विंट नावाच्या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेचं ‘द नर्स अँड द डाइंग पेशंट’ हे पुस्तक 1967 सालचं. नर्सिंगच्या विद्यार्थिनींची मरणाऱ्या रुग्णाशी गाठ पडते तेव्हा काय होतं, हाच तिचा विषय. तिला दिसलं ते असं: शाळांचा सगळा भर जीव वाचवण्यावर, मरणाबद्दलचं शिक्षण बहुतेक देहाच्या व्यवस्थेपुरतं, मरणाऱ्या रुग्णाशी विद्यार्थिनीची गाठ ठरवून नव्हे तर योगायोगाने पडते, आणि मुलींना सर्वात जास्त भीती वाटते ती माझ्याच हातून काही चुकून हा गेला का याची. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मुलींचं हे निरीक्षण मी वाचलं तेव्हा नंदुरबारच्या हॉस्टेलमधल्या रडण्याचा अर्थ मला लागला. “मॅडम, मी चारचं टेम्परेचर घेतलं नव्हतं, म्हणून तर नाही ना?” हा प्रश्न मला किती मुलींनी विचारला असेल! ‘होईल सवय’ हे त्या प्रश्नाचं उत्तरच नाही. तिला कुणीतरी पाच मिनिटं जवळ बसवून सांगायला हवं की नाही, त्यामुळे नाही, आणि कशामुळे तेही समजावून द्यायला हवं. ते न सांगता आपण तिला निबर होऊ देतो, तेव्हा ती अपराधाची भावना आत घेऊनच निबर होते.

निबर होण्याने निदान काम तरी सुरळीत चालतं ना? हा पूर्वपक्षाचा सर्वात मजबूत बुरूज. त्यावर इझाबेल मेन्झीज या मनोविश्लेषिकेचा अभ्यास आहे, 1960 साली प्रसिद्ध झालेला. लंडनच्या एका मोठ्या, शिकवणाऱ्या रुग्णालयाने तिला बोलावलं होतं, कारण विद्यार्थिनींच्या नेमणुकांची घडी विस्कटत चालली होती. तिला दिसलं की रुग्णालयाची सारी व्यवस्थाच परिचारिकेला रुग्णापासून लांब ठेवण्यासाठी रचलेली आहे. एका रुग्णाची सगळी कामं एकीने न करता, एकेक काम तीस रुग्णांना करत जायचं. रुग्णाला नावाने नव्हे, खाटेच्या क्रमांकाने किंवा अवयवाने ओळखायचं. चांगली नर्स कुठेही बदलून गेली तरी तिला काही वाटत नाही, असं मानायचं. हेतू होता मनाला इजा होऊ नये हा. परिणाम उलटा झाला. चिंता कमी झाली नाही, वाढली. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण पुरं न करताच निघून जात होत्या, त्यातल्या बहुतेक आपणहून. आणि जाणाऱ्यांत समंजस, कर्तबगार मुली बऱ्याच होत्या. म्हणजे सवयीच्या चाळणीतून वर राहतात त्या सगळ्यात चांगल्या परिचारिका, हे गृहीतकच तपासावं लागतं. आपल्या वॉर्डातही ‘सात गॅस्पिंगला गेला’ असंच हँडओव्हर होतं. सातला नाव असतं. आणि सातपासून मन तोडायला शिकलेली मुलगी आठपासूनही तोडते, जो बरा होऊन घरी जाणार आहे त्याच्यापासूनही. कोडगेपणाला खाट निवडून देता येत नाही.

आधीच्या पिढ्या अशाच तयार झाल्या, हा दाखला तर इतिहासालाच धरून नाही. महाराष्ट्रातलं सर्वात मोठं उदाहरण उलटं बोलतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. त्यानंतर 18 मे 2015 ला ती गेली तोवर, जवळजवळ 42 वर्षं, त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. भरवलं, पुसलं, कूस बदलली. तिच्या दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी जो निकाल दिला, त्यात तिला इतक्या वर्षांत बेडसोअर होऊ दिला नाही याची दखल आहे. ज्यांनी कधी नर्सिंग केलेलं नाही त्यांना या गोष्टीचं मोल कळणार नाही. ज्यांनी केलं आहे त्यांना दुसरा पुरावा लागणार नाही. पण मला त्या निकालातली आणखी एक नोंद महत्त्वाची वाटते. रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी न्यायालयाला सांगितलं की विद्यार्थिनींची प्रत्येक नवी तुकडी आली की तिची अरुणाशी ओळख करून दिली जाते, आणि ही आपल्यातलीच होती, आजही आपल्यातलीच आहे, असं सांगितलं जातं. मग त्या मुली मनापासून तिचं करतात.

बघा, इथे काय घडत होतं. खाटेच्या क्रमांकाऐवजी नाव दिलं जात होतं. मोठ्या सिस्टर लहान मुलीला हाताला धरून खाटेपाशी नेत होत्या. काय करायचं ते दाखवत होत्या, आणि का करायचं तेही सांगत होत्या. जिला त्यांनी कधी चालता-बोलताना पाहिलं नाही, जिच्याकडून एका शब्दाच्या आभाराची आशा नाही, अशा बाईसाठी पिढ्यामागून पिढ्या मुली तयार झाल्या. त्या निबर होऊन तयार झाल्या नाहीत. यावर कुणी म्हणेल की ती सहकारी होती म्हणून. मान्य. पण सहकारी हे नातं 1973 नंतर जन्मलेल्या मुलीला आपोआप कसं वाटलं? कुणीतरी ते नातं दर वर्षी नव्याने जोडून दिलं म्हणूनच ना. तसं ते अक्कलकुव्याहून झोळीत घालून आणलेल्या म्हातारीशीही जोडून देता येतं.

आता वेळेचा मुद्दा. इथे मला पूर्वपक्षाला बरंच काही द्यावं लागेल. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मानकाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात 3 रुग्णांमागे 1 परिचारिका हवी. सरकारी वॉर्डात ज्यांनी एक रात्र काढली आहे त्यांना हा आकडा दुसऱ्या जगातला वाटेल. विद्यार्थिनींनाच कामाचे हात म्हणून वापरलं जातं. मरणाऱ्यापाशी तासभर बसा, असं या स्थितीत कुणालाही सांगणं हा अन्याय आहे आणि मी तो करत नाही. पण हिशेब करून पाहा. दोन तासांनी कूस बदलणं, तोंड ओलं करणं, चादरीची सुरकुती काढणं, हे तर एरवीही लिहून दिलेलंच काम आहे. जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते काम सगळ्यात आधी सुटतं. ‘आता काय उपयोग’ म्हणून सुटतं. ते सुटतं ते वेळ नसल्यामुळे नव्हे, तो माणूस मनातून आधीच यादीतून कमी झालेला असल्यामुळे. आणि टाळण्यालाही वेळ लागतो. ज्यांना कुणी काही सांगत नाही ते नातेवाईक दर दहा मिनिटांनी काउंटरवर येतात, आवाज चढतो, मग भांडण होतं. त्या भांडणात पुढे कोण सापडतं? निळ्या पट्टीच्या युनिफॉर्ममधली विद्यार्थिनी. रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता कायदा तिच्या शेजारी उभा नसतो.

नंदुरबारची पुरवणी मला सर्वात जास्त लागते, म्हणून तिच्यापाशी थोडी थांबते. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर 10 माणसांत जवळपास 7 आदिवासी होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी. नर्मदेकाठच्या गावांना तर बोट अँब्युलन्स लागते. इथल्या मुलींनी मरण पाहिलेलं असतं, यात शंका नाही. पण कसं पाहिलेलं असतं? घरच्या मरणात माणूस एकटा नसतो. कुणी डोकं मांडीवर घेतं, कुणी पाणी पाजतं, बायका मोकळेपणाने हंबरडा फोडतात, आणि प्रत्येकाला काहीतरी काम असतं. वॉर्डातल्या मरणात त्या मुलीला रडायची बंदी असते, हात लावायचा तो ग्लोव्हज घालून, पडद्याच्या आत ती एकटी, आणि बाहेर पंधरा माणसं तिच्याकडे उत्तर मागायला उभी. दोन्हीला मरण हा एकच शब्द आहे म्हणून पहिल्याच्या अनुभवावर दुसरं निभेल, असं मानायचं? उलट घरून ती जे शिकून आलेली असते, तोंडात पाण्याचा थेंब सोडणं, कानाशी नाव घेणं, ती तर तिची शिदोरी. आपण युनिफॉर्म घालताक्षणी तिला ती टाकून द्यायला लावतो.

शिवाय इथे मरणारी माणसं म्हातारीच असतात असं नाही. कुपोषित बाळ असतं, बाळंतीण असते, सिकलसेलच्या कळांनी तळमळणारा विशीतला मुलगा असतो. धडगावकडच्या डोंगरातून आलेल्या आईच्या मांडीवर बाळ गेलं, आणि लातूरहून किंवा सांगलीहून इथे शिकायला आलेल्या मुलीला त्या आईची बोलीच येत नाही, तर ती काय करेल? मी अशा मुलींना एकच सांगत आले. बोली येत नसेल तर तिथून जाऊ नका, आईशेजारी खाली बसा, आणि बोली येणाऱ्या वॉर्डमावशीला बोलावून घ्या. मावशी दोन वाक्यांत जे सांगते ते आपल्याला वर्षभराच्या संवादकौशल्याच्या तासांत जमत नाही. मुलगेही आता नर्सिंगला येतात. ‘ब्रदर’ म्हटलं की त्यांच्यावर निबर होण्याचं ओझं आणखी वाढतं. पुरुषाने रडायचं नाही हे त्यांना दोनदा सांगितलं जातं, एकदा घरी आणि एकदा वॉर्डात.

माझा स्वतःचा अनुभव असा की विद्यार्थिनी कोसळते ती बहुतेक वेळा मरणाने नव्हे. समोर माणूस कळांनी ओरडतोय आणि आपले हात रिकामे आहेत, याने ती कोसळते. “दुखस वं माय, दुखस” असं कुणी रात्रभर म्हणत राहिलं आणि केसपेपरवर पॅरासिटामॉलपलीकडे काही नसेल, तर सवय झालेली नर्स कान बंद करते. शिकलेली नर्स डॉक्टरांना उठवते. मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांची वाट सोपी व्हावी म्हणून 2014 साली अंमली पदार्थांचा कायदा संसदेने बदलला. पण तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची असते, दुखायची वाट पाहून नव्हे. तिच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध द्यायचं असतं. आणि कर्करोगाच्या कळांवर ती नीट दिली तर माणूस व्यसनी होईल ही भीती धरायची नसते. हे विद्यार्थिनीला ठाऊक नसेल तर ती औषध मागणार कशी? हे तंत्र जगाला शिकवणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, डॉक्टर नंतर झाल्या. 1948 साली लंडनमध्ये मरणाला टेकलेल्या एका पोलिश निर्वासिताच्या उशाशी त्या बसत असत. त्याने मागे ठेवलेल्या 500 पौंडांतून सुरू झालेली कल्पना 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसच्या रूपाने उभी राहिली. ‘जो जाणारच आहे’ त्याच्यापाशी कुणीतरी बसलं, म्हणून वेदनाशमनाचं आधुनिक शास्त्र घडलं. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती अवेदना सदन निघालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं उपशामक सेवेचं, म्हणजे असाध्य आजारात वेदना हलकी करण्याचं, केंद्र आहे. केरळने 2008 साली या सेवेचं सरकारी धोरणच केलं आणि परिचारिकेला घरोघर पाठवलं.

एक नवा प्रतिपक्षही आता तयार झाला आहे, त्याला थोडक्यात उत्तर देते. तो म्हणतो, आता तर हा विषय अभ्यासक्रमात आला, 2021 मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या बीएस्सीच्या नव्या नियमांत उपशामक सेवेचा भाग आहे, मग तक्रार कसली? आला ही चांगली गोष्ट. पण एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या 1969 च्या पुस्तकातल्या, मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या माणसाच्या मनाच्या पाच अवस्था पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवणं म्हणजे सराव नव्हे. मी अशी केस स्टडी तपासली आहे जिच्यात मुलीने रुग्णाच्या नावापुढे त्यांतली ‘नकार’ ही अवस्था लिहिली होती. तो माणूस फक्त घरी जायचं म्हणत होता. नकार नव्हता तो, त्याला गाव पाहायचं होतं. कूस बदलायला शिकवणारा हात वर्गात नसतो, वॉर्डातच असतो. आणि एखादा रुग्ण गेल्यानंतर ड्यूटी संपायच्या आत दहा मिनिटं त्या मुलीशी बोलायला ट्यूटर किंवा इनचार्ज थांबत नसेल, तर राजपत्राचं पान तिच्यापर्यंत पोचलेलं नाही.

माझ्या धानोऱ्यासारख्या गावात माणसं वॉर्डात मरत नाहीत. ‘घरी न्या, सेवा करा’ ऐकून, डामाच्या, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या, कागदावर अंगठा देऊन ती परत येतात आणि आपल्या ओसरीवर मरतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांना नेमून दिलेल्या 12 सेवांमध्ये वृद्धांची आणि उपशामक सेवा लिहिलेली आहे. ती देणारे हात कुणाचे? आज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या, उद्या उपकेंद्रावर रुजू होणाऱ्या याच मुलींचे. त्यांना जर कॉलेजात एवढंच कळलं की डिस्चार्जबरोबर आपलं काम संपतं, तर जिथे काम सुरू होतं नेमकं तिथेच त्या नसतील. नानांच्या वेळी मी योगायोगाने माहेरी होते. पुढच्या घरात कुणी नसेल.

म्हणून इनचार्ज सिस्टरांना आणि माझ्या ट्यूटर मैत्रिणींना माझी विनंती आहे. उद्या तुमच्या वॉर्डात कुणाला ऊर्ध्व लागला आणि एखादी दुसऱ्या वर्षाची मुलगी पडद्याबाहेर घुटमळताना दिसली, तर तिला चहाला पाठवू नका. तिच्याबरोबर पडद्याच्या आत जा. रुग्णाचं नाव तिला सांगा, ओला बोळा तिच्या हातात द्या, आणि तो ओठांना लावून होईपर्यंत तिच्या शेजारी थांबा.